पेटीतले दोन रिमोट

वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला आम्हाला विपणन नावाचा विषय होता. विपणन म्हणजे काय, हे सरांनी पहिल्याच तासाला सांगून टाकलं : चार 'पी'. वस्तू, किंमत, ठिकाण आणि प्रसिद्धी ही चौकडी जुळली की माल खपतो. इंग्रजीत या चौघांची नावं 'पी'ने सुरू होतात, मराठीत होत नाहीत. मराठी माणूस धंद्यात मागे पडला तो याच कारणाने, असं माझं प्रामाणिक मत आहे. जेरोम मॅकार्थी नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी हे चार 'पी' १९६० साली आपल्या पुस्तकात मांडले. त्यात एक पाचवा 'पी' तेवढा राहून गेला. तो अस्सल मराठी आहे : पोरं.

पोरांचा आणि धंद्याचा संबंध पाहायचा असेल तर टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचा इतिहास पाहावा. इतर वस्तूंचं गिऱ्हाईक वस्तू घेतं आणि विसरून जातं. मी घरात मिक्सर आणला, पण मिक्सरच्या कंपनीवरून शेजाऱ्याशी भांडलो, असं काही झालं नाही. व्हिडिओ गेमचा निष्ठावंत खेळाडू मात्र आपल्या यंत्राच्या अब्रूसाठी जिवलग मित्राशी अबोला धरतो. आमच्या गावाचं नाव भोकर. पुण्या-मुंबईकडे नाव सांगितलं की लोक विचारतात, "म्हणजे लोणच्याचं का?" तर त्याच लोणच्याच्या भोकराचा गर आम्ही लहानपणी पतंगाला कागद डकवायला वापरायचो. कागद फाटे, पण जोड सुटत नसे. निष्ठावंत खेळाडू त्या गराच्या जातीचा. एकदा चिकटला की चिकटला. आता त्याला नेमकं कशाला चिकटवायचं, हे कोण ठरवतं? खेळ ठरवतो, असं खेळाडू छातीठोकपणे सांगतो. इतिहास वाचला तर जाहिरात खात्याचे साहेब पडद्याआडून गालात हसताना दिसतात.

सुरुवात अमेरिकेतल्या अटारीपासून करू. ही कंपनी १९७२ सालची. १९७७ मध्ये तिने टीव्हीला जोडायचं आणि खेळाच्या कॅसेटी बदलायचं यंत्र आणलं. (त्यांचे शब्द निराळे असतील; आमच्याकडे त्या चौकोनी डबीला कॅसेटच म्हणत.) अटारीच्या त्या काळच्या जाहिरातींत अख्खं घरदार टीव्हीसमोर बसलेलं असे. आई, बाप, मुलगा, मुलगी, एखाद्या वेळी आजीसुद्धा. टीव्ही दिवाणखान्यात, म्हणून खेळही दिवाणखान्यातला, असा सरळ हिशेब. माल खपू लागला आणि मग व्हायचं तेच झालं. एका वर्षी तुरीला भाव आला की पुढच्या वर्षी अख्खा तालुका तूर पेरतो. तिकडे जो उठला तो कॅसेटी काढू लागला. १९८२ मध्ये 'ई.टी.' हा सिनेमा धो धो चालला. अटारीने त्याच्यावरून खेळ काढायचं ठरवलं आणि नाताळ गाठायचा म्हणून बिचाऱ्या कारागिराला जेमतेम पाच आठवडे दिले. जाहिरात दणक्यात झाली. खेळ असा झाला की त्यातला नायक सारखा खड्ड्यात पडायचा. पुढे नायकाच्या पाठोपाठ मालही खड्ड्यात गेला. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आलामोगोर्डो गावाबाहेर न खपलेला माल ट्रक भरभरून आणून पुरण्यात आला. २०१४ साली तो खड्डा उकरला, तेव्हा कॅसेटी खरोखरच निघाल्या. आमच्याकडे भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओततात. त्यांनी निदान खड्डा तरी खणला. अमेरिकेतली या धंद्याची उलाढाल १९८३ मध्ये सुमारे ३२० कोटी डॉलर होती, ती १९८५ पर्यंत सुमारे १० कोटींवर आली. 'व्हिडिओ गेम' हा शब्द ऐकला की दुकानदार शटर ओढू लागला.

अशा मुहूर्तावर जपानच्या क्योटोमधली निंटेंडो कंपनी अमेरिकेत उतरली. ही कंपनी १८८९ सालची, मूळ धंदा पत्ते तयार करायचा. समोरच्याचा चेहरा पाहून पान टाकायचं, हे रक्तातच. जपानात तिने १५ जुलै १९८३ रोजी 'फॅमिली कॉम्प्युटर' नावाचं यंत्र काढलं होतं. नावातच कुटुंब होतं आणि यंत्राला तारेने कायमचे जोडलेले दोन रिमोट होते, म्हणजे दुसऱ्या माणसाची सोय कंपनीनेच करून ठेवलेली. हेच यंत्र अमेरिकेत नेताना निंटेंडोने त्याची कुंडलीच बदलली. 'व्हिडिओ गेम' हा शब्द काढला आणि 'एंटरटेनमेंट सिस्टिम' घातला. कॅसेट वरून खोचायच्या ऐवजी व्हीसीआरसारखी समोरून घालायची केली. आणि सोबत रॉब नावाचा एक यंत्रमानव दिला. हा यंत्रमानव एकूण दोनच खेळांत कामाला यायचा. पण त्याचं खरं काम निराळं होतं. मुलगी पाहायला जाताना शेजाऱ्याची मोटारसायकल मागून नेतात ना, तसा तो होता. दुकानदाराला वाटावं, हे खेळणं आहे, व्हिडिओ गेम नव्हे. शिवाय १९८५ च्या शेवटी न्यूयॉर्कात माल ठेवला तो चक्क जांगडवर. खपला तर पैसे द्या, नाही तर आम्ही परत नेतो. अडत दुकानात बसणाऱ्या कोणत्याही भोकरकराला हे समजावून सांगावं लागणार नाही.

युक्ती लागू पडली. पण यंत्र खेळण्यांच्या दुकानात गेलं आणि तिथे एक साधा प्रश्न आला : ठेवायचं कुठे? अमेरिकेतल्या खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. एकाच वस्तूला दोन्हीकडे जागा मिळत नाही. यंत्र मुलांच्या रांगेत गेलं. मग पाठोपाठ जाहिराती मुलांच्या, पेटीवरची चित्रं मुलांची, आणि 'खेळाडू' म्हटलं की डोळ्यांसमोर यायचा तोही मुलगाच. अटारीच्या जाहिरातीतली ती आई, ती मुलगी आणि ती आजी केव्हा उठून आत गेल्या, कोणाच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी भांडण केलं नाही. जाहिरातीतून वगळलेला माणूस भांडत नाही. तो आपला स्वयंपाकाला लागतो.

जे उरले, त्यांना मात्र निंटेंडोने भोकराच्या गराने डकवून ठेवलं. कॅसेटीवर दर्जाचा शिक्का मारला. खेळात अडलेल्या पोरांना फोनवरून वाट सांगायला माणसं बसवली. १९८८ मध्ये स्वतःचं मासिक काढलं. त्यात खेळातली गुपितं असत आणि निंटेंडोच्या नव्या मालाचं कौतुक असे. आता मासिकही जाहिरातच, पण ही जाहिरात पोरं पैसे देऊन वाचत. आम्हा बँकवाल्यांना हे अजून साधलेलं नाही. आमची माहितीपत्रकं फुकट वाटली तरी लोक त्यात भजी बांधतात.

हिंदुस्थानात या यंत्राची स्वारी निराळ्या वाटेने आली. परदेशी इलेक्ट्रॉनिक मालावर जबर कर, म्हणून निंटेंडोचं यंत्र सुट्या भागांत आणून इथे जोडलं जाई आणि 'सामुराई' या नावाने विकलं जाई. पण खरा प्रसार केला तो नकलांनी. 'मीडिया', 'लिटल मास्टर' अशी त्यांची नावं. लिटल मास्टर म्हणजे सुनील गावसकर, हे आम्हाला पाळण्यात शिकवलेलं. त्यामुळे यंत्रात निदान क्रिकेट तरी असेल, अशी घरोघरच्या वडीलधाऱ्यांची समजूत व्हायची. यालाच म्हणतात नावाचं विपणन!

आमच्या घरी १९९४ च्या दिवाळीत नानांनी नांदेडहून असंच एक यंत्र आणलं. कंपनी कोणती, हे पेटीवरून कळत नव्हतं. पेटीवर बंदूक घेतलेला गोरा पोरगा होता. आत यंत्र, दोन रिमोट आणि एक कॅसेट. कॅसेटीवर छापलं होतं : ९९,९९,९९९ खेळ. नाना प्राथमिक शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी कागद घेतला आणि हिशेब केला. रोज दहा खेळ खेळले तरी संपायला दोन हजार सातशे वर्षांच्या वर लागतील. ते म्हणाले, "वसूल आहे." प्रत्यक्षात पहिले दहा-बारा खेळ वेगळे निघाले, पुढे तेच पुन्हा, कुठे झाडाचा रंग बदललेला, कुठे पात्राचे बूट. पुढे मी बँकेत लागलो आणि काही पतसंस्थांचे ताळेबंद पाहिले, तेव्हा ही पद्धत मला लगेच ओळखू आली.

हे यंत्र भोकरला आलं ते कोणत्याही जाहिरातीशिवाय. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेवरच्या आमच्या गावासाठी कोण जाहिरात करणार? आमची जाहिरात म्हणजे उघडं दार. एका घरात टीव्हीसमोर दोन पोरं बसली की दारात सहा उभी राहत. कॅसेट या गल्लीतून त्या गल्लीत फिरे. चालेना तर काढून फुंकर मारायची, शर्टाला पुसायची आणि देवाचं नाव घेऊन खोचायची. अधेमधे लाइट जायची आणि आठव्या पायरीवर पोचलेला वीर पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन पडायचा. जगातल्या एकाही कंपनीने आपल्या जाहिरातीत 'लाइट गेल्यास' असं प्रकरण घातलेलं नाही.

आणि या साऱ्या गर्दीत सगळ्यांत निष्णात कोण होतं, तर आमची आतेबहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. शिक्षणासाठी ती आमच्याकडे राहायला होती. 'काँट्रा' नावाचा बंदुकांचा खेळ होता, त्यात दोघांनी मिळून शत्रू मारायचा. अक्काच्या जोडीला बसायला पोरं नंबर लावत. त्या खेळात एक मंत्र होता : सुरुवातीला ठरावीक कळा ठरावीक क्रमाने दाबल्या की तीनाच्या जागी तीस जीव मिळत. अमेरिकेतल्या पोरांना असली गुपितं मासिकातून कळत. भोकरला अक्का होती. एका मंत्राला दोन मुठी चिंचा, असा भाव होता. अक्का म्हणजे आमचं मासिक, आमचा मदतीचा फोन आणि दर्जाचा शिक्का, सगळं एकच. पण अक्का दहावीला गेली आणि आत्या एक दिवस येऊन म्हणाली, "पोरीच्या जातीनं कामून हे बंदुकीचे खेळ खेळावं? पेटीवर तर पोराचं चित्र हाय." झालं. आत्याला पटायला पेटीवरच्या चित्राचीच गरज होती असं नाही; आमच्याकडे ही गोष्ट बिनजाहिरातीची खपते. पण साक्षीला चित्र मिळालं. न्यूयॉर्कातल्या दुकानात कोणी यंत्र कोणत्या रांगेत ठेवलं, याचा निकाल भोकरच्या आमच्या ओसरीवर लागला. अक्काने रिमोट खाली ठेवला आणि निवडलेले तांदूळ सुपात घेतले.

तिकडे अमेरिकेत निंटेंडोला सेगा नावाचा भाऊबंद भेटला होता. सेगाने 'निंटेंडोला जे जमत नाही ते आम्हाला जमतं' अशा अर्थाच्या जाहिराती सुरू केल्या. १९९० मध्ये त्यांनी टॉम कॅलिन्स्की हे गृहस्थ आणले. हे आधी बार्बी बाहुली विकणाऱ्या मॅटेल कंपनीत होते. बाहुली विकता आली की काहीही विकता येतं. त्यांनी किंमत उतरवली, १९९१ मध्ये निळ्या रंगाचा सोनिक नावाचा धावरा प्राणी यंत्रासोबत दिला आणि हवा अशी केली की, निंटेंडो धाकट्या भावाचं, सेगा मोठ्या भावाचं. घरातल्या दोन भावांत भांडण लावून देऊन दोघांनाही माल विकायचा, ही विद्या आपल्याकडे वकिलांनाच येते असं मी समजत होतो. निष्ठावंत नावाची जात खऱ्या अर्थाने इथे जन्मली. तू कोणाचा? निंटेंडोचा की सेगाचा? शाळाशाळांत तट पडले.

सेगा हिंदुस्थानातही आली. एप्रिल १९९५ मध्ये तिने शॉ वॉलेस या कंपनीशी वितरणाचा करार केला. शॉ वॉलेस हे नाव मद्याच्या धंद्यातलं. आयातकर ऐंशी टक्के, तो चुकवायला ही वाट काढलेली. तरीही यंत्राची किंमत अठरा हजार रुपये. अठरा हजार ही रक्कम तेव्हा आमच्या घरात फक्त लग्नकार्यात एके ठिकाणी दिसायची, आणि तीही रात्रीपुरती. चार 'पी'पैकी किंमत नावाचा 'पी' इतका फुगला की बाकीच्या तिघांना बसायला जागा उरली नाही. भोकरचा एकही पोरगा सेगाचा निष्ठावंत झाला नाही.

किंमतीचा हाच 'पी' पुढच्या महिन्यात सेगाला अमेरिकेतही नडला. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगाने 'सॅटर्न' हे नवं यंत्र ३९९ डॉलरला जाहीर केलं. मग सोनीच्या स्टीव्ह रेस यांची पाळी आली. ते उठले, 'दोनशे नव्याण्णव' एवढंच म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या बँकेच्या वार्षिक समारंभात बोलणाऱ्या सगळ्या साहेबांना हे भाषण रोज सकाळी म्हणायला लावावं. सोनीचं यंत्र म्हणजे प्लेस्टेशन. इंग्लंडात त्यांनी ते रात्रीच्या नाचगाण्याच्या क्लबांत नेऊन ठेवलं; म्हणजे आता खेळाडू मोठा झाला, मिशा फुटल्या, पगारदार झाला. पण पेटी उघडली तर आत रिमोट एकच. दुसरा हवा तर वेगळे पैसे.

२००६ साली निंटेंडोला आजीची आठवण झाली. 'वी' नावाचं यंत्र निघालं. हातातली कांडी बॅटीसारखी फिरवायची, की पडद्यावर चेंडू उडतो. जाहिरातींत पुन्हा आई, आजोबा, आजी, सगळे सोफ्यावर. निष्ठावंतांनी नाकं मुरडली. हा काय खेळ? ही तर भिशी! खऱ्या खेळाडूला 'हार्डकोअर' आणि आजीला 'कॅज्युअल' असे दोन वर्ण पाडले गेले. आजींना वर्णाशी कर्तव्य नव्हतं. यंत्रं खपली दहा कोटींच्या वर. पुढे २०१२ मध्ये निंटेंडोने त्याचा वारस काढला आणि नाव ठेवलं 'वी यू'. लोकांना वाटलं, जुन्याच यंत्राचा हा काही जोडभाग असेल. नातवाचं नाव आजोबांचंच ठेवलं की पोस्टमनचा होतो तसा घोटाळा. तो खपला फक्त १ कोटी ३६ लाखांच्या आसपास.

आपल्याकडे त्याच २००६ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० आला. त्याच्या जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. सोनीने २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी 'देसी अड्डा' नावाचा खेळ आणला. त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. कल्पना वाईट नव्हती. पण विटीदांडूला लागतं काय? बाभळीची एक फांदी आणि आईचा डोळा चुकवणं. त्यासाठी टीव्ही, यंत्र, तबकडी आणि वर अखंड वीज घ्या म्हणणं, म्हणजे विहिरीला पाणी नेऊन विकणं.

या साऱ्या इतिहासातली माझी सर्वांत आवडती जाहिरात अवघ्या बावीस सेकंदांची आहे. २१ मे २०१३ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला. खेळाडूंना खेळ हवे होते, साहेब टीव्हीबद्दल बोलत राहिले. मग नियम बाहेर आले. चोवीस तासांतून एकदा यंत्राने इंटरनेटवर हजेरी लावायची. खेळ मित्राला द्यायचा तर मित्र तुमच्या यादीत किमान तीस दिवसांचा हवा, आणि द्यायचा तोही एकदाच. बँकेत नवीन खात्याला ओळख देणारा लागत असे, तो यापेक्षा स्वस्तात मिळायचा. १० जूनला सोनीने प्लेस्टेशन ४ ची किंमत शंभर डॉलरने कमी सांगितली, आणि जुना खेळ मित्राला कसा द्यावा याची एक चित्रफीत दाखवली. पायरी पहिली आणि शेवटची : सोनीचा एक साहेब दुसऱ्या साहेबाच्या हातात तबकडी देतो. तो म्हणतो, आभारी आहे. संपली. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने आपले नियम मागे घेतले. तोवर गर सुकला होता. प्लेस्टेशन ४ पुढे ११ कोटी ७० लाखांच्या आसपास खपला. मायक्रोसॉफ्टने २०१५ पासून विक्रीचे आकडे सांगणंच सोडलं. आकडे सांगणं माणूस केव्हा सोडतो, हे कर्ज खात्यातल्या कोणालाही विचारा.

त्या बावीस सेकंदांत होतं तरी काय? भोकरच्या गल्लीत कॅसेट एका हातातून दुसऱ्या हातात जायची तेच. कितीही कट्टर खेळाडू असला तरी त्याच्या मनात शेजारी एक माणूस बसलेला असतो. त्याला हरवायचं असतं, दाखवायचं असतं, निदान कॅसेट तरी द्यायची असते. जाहिरात यंत्राचे गुण सांगते असं आपण समजतो. खरं म्हणजे ती शेजारची ती सतरंजी कोणासाठी अंथरायची, ते ठरवते. जी कंपनी ती सतरंजी गुंडाळते, तिचा निष्ठावंत उठून जातो. आणि जिला सतरंजीवर बसूच दिलं नाही, ती निष्ठावंत होती हेही कोणाला कळत नाही.

प्लेस्टेशन ५ हिंदुस्थानात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, किंमत ४९,९९० रुपये. अक्का आता नांदेडला असते. तिच्या मुलाने पहिल्या पगारांतून पैसे साठवून तो घेतला. मागच्या दिवाळीत आम्ही गेलो, तेव्हा तो एकटाच कानाला यंत्र लावून कोणा परदेशी माणसाशी लढत होता. अक्का फराळाचं ताट घेऊन आली आणि तिथेच थबकली. बराच वेळ पडद्याकडे पाहिल्यावर तिने विचारलं, "तीस जीव भेटतात का रे ह्याच्यात?"

पोराने कानातलं काढलं. "आई, तुला काय माहीत तीस जीव?"

मी काही बोललो नाही. चिवडा खात होतो. अक्काने पदराला हात पुसले आणि पेटीत डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "दुसरा रिमोट कुठंय?"